अ‍ॅप बंद पडले आणि अंत्ययात्रेची बदललेली वेळ पोहोचलीच नाही. गावाने काय व्यवस्था करावी?

सचिव_खानापूर

नमस्कार. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका लहान गावातील ग्रामस्थ मंडळाचा मी सचिव आहे. गावात दीडशेच्या आसपास उंबरे आहेत. गेली काही वर्षे आमच्याकडचे सगळे निरोप एकाच मेसेजिंग अ‍ॅपवरील गटातून जातात. नळाला पाणी कधी सुटणार, रेशन कोणत्या दिवशी येणार, सकाळची बस येणार की नाही, एकादशीचे भजन कोणाकडे आहे आणि कोणाचे निधन झाले, हे सर्व त्याच एका गटात कळते. पूर्वी ही कामे ज्यांच्याकडे होती त्यांनी ती सोडून दिली, कारण त्यांची गरज उरली नाही असे सर्वांनाच वाटले, आणि त्या सर्वांत मीही होतो.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील तात्या संध्याकाळी वारले. अंत्ययात्रा सकाळी ८ वाजता निघेल असा संदेश मी लगेच गटात टाकला आणि तो सगळीकडे पोहोचला. रात्री उशिरा त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला, तिला पोहोचायला उशीर होणार होता, म्हणून घरच्यांनी वेळ १० ची केली. तो बदल मी गटात लिहिला आणि झोपलो. सकाळी साडेसहाला पाहतो तर त्या संदेशाशेजारी घड्याळाचे चिन्ह तसेच होते. अ‍ॅपच बंद पडले होते हे मागाहून कळले. तोपर्यंत चंदगडकडचे पाहुणे पहाटेच निघाले होते. ते ८ च्या आधी येऊन अंगणात बसले. तात्यांचे एक बालमित्र, वय ऐंशीच्या पुढे, दोन तास भिंतीला टेकून बसले आणि परतीची एकच गाडी असल्याने अंत्ययात्रा निघण्यापूर्वीच उठून गेले. कोणीतरी मला विचारले तेव्हा मी आमच्या बोलीत सांगून मोकळा झालो की, ‘रात्रीच मेसेज घातलोय की!’ ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

अडचण आपल्या गावच्या नेटची आहे की ती सेवाच बंद आहे, हे साध्या माणसाने कसे ओळखावे? आमची तरुण मुले म्हणतात की सगळ्या गावाने दुसरे एखादे अ‍ॅप घ्यावे. तो उपाय ठरेल का? आणि अशा वेळी निरोप पोहोचवण्याची दुसरी कोणती रीत आपल्या भागात कोणी चालवत असेल, तर ती कृपया सविस्तर सांगावी.

जुना_केबलवाला

सचिवसाहेब, नमस्कार. दूरध्वनीच्या केबल जोडण्यात माझे आयुष्य गेले असून आता मी बेळगावात वडगाव भागात निवृत्त होऊन राहतो. आपल्या पहिल्या प्रश्नापुरते मी सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेत संदेशाशेजारी घड्याळ दिसत असेल तर तो अद्याप आपल्या फोनमध्येच आहे. एक खूण आली म्हणजे तो कंपनीच्या यंत्रापर्यंत गेला आहे, मात्र समोरच्या फोनवर उतरलेला नाही. दोन खुणा आल्या म्हणजे तो उतरला. घड्याळ हटत नसेल तर प्रथम एखादे बातम्यांचे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडत नसेल तर दोष आपल्या नेटचा आहे. ते उघडते, फोनही लागतो, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याच्या फोनवरही घड्याळच दिसते, असे असेल तर ती सेवा बंद आहे असे समजायला हरकत नाही. सेवा बंद असल्याच्या तक्रारी मोजणारी डाउनडिटेक्टरसारखी संकेतस्थळे आहेत, पण तेथे लोकांच्या तक्रारींची बेरीज असते, ते कंपनीचे निवेदन नव्हे.

एवढी मोठी सेवा मुळात बंद पडतेच कशी, याचे सर्वांत बोलके उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चे आहे. त्या रात्री आपल्याकडे ९ नंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही एकाच कंपनीची तिन्ही अ‍ॅप एकदम बंद पडली आणि सुरळीत व्हायला पहाटेचे ४ वाजून गेले. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, जगभरातील आपली माहिती-केंद्रे (डेटा सेंटर) जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी देखभालीच्या कामात एक आज्ञा दिली गेली आणि तिने ती सगळी जोडणीच तोडली. अशी चुकीची आज्ञा अडवणारी तपासणी-प्रणाली होती, परंतु तिच्यातच दोष होता. पुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा त्याचा पत्ता सांगणारी डीएनएस नावाची यंत्रे असतात. या कंपनीच्या डीएनएस यंत्रांची रचना अशी होती की, माहिती-केंद्रांशी संपर्क तुटला तर आपल्याकडे येण्याचे मार्ग त्यांनी स्वतःच जाहीर करणे थांबवावे. मार्ग जाहीर करण्याच्या या पद्धतीला बीजीपी म्हणतात. बाजारात दुकान उभे आहे, आत मालही आहे, पण त्या दुकानाकडे नेणाऱ्या सगळ्या पाट्या कोणीतरी रातोरात उतरवल्या आहेत, असा तो प्रकार झाला. (आपल्या सीमाभागात पाट्यांचा विषय निराळ्याच कारणाने नाजूक आहे. येथे तो अर्थ कृपया घेऊ नये.)

दुरुस्तीला इतके तास लागले, कारण दुरुस्त करणाऱ्यांची स्वतःची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर चालत होती. शेवटी माणसांना प्रत्यक्ष त्या केंद्रांत पाठवावे लागले, आणि तेथील सुरक्षा-व्यवस्था मुळातच आत शिरणे कठीण व्हावे अशी असल्याने तेथेही वेळ गेला. आमच्या काळात अधिकारी म्हणत की केबल तुटल्याची तक्रार त्याच केबलवरून येईल अशी वाट पाहू नका. ते आम्हाला तेव्हा थट्टेचे वाटायचे.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. सेवा बंद असताना अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप कोणीही करू नये. पुन्हा नोंदणी करताना सहा अंकी संकेतांक पडताळावा लागतो आणि ती पडताळणी करणारी यंत्रेच बंद असतील तर माणूस दारातच अडकतो. शिवाय शेवटच्या बॅकअपनंतरचे संभाषण हातचे जाते ते वेगळेच. ‘अ‍ॅप सुरू करण्यासाठी येथे दाबा’ असे सांगणाऱ्या दुव्याला तर बोटही लावू नये.

दुसऱ्या अ‍ॅपविषयी म्हणाल, तर २०२१ च्या त्या बिघाडात एका दिवसात ७ कोटींहून अधिक नवे लोक टेलिग्रामवर आले, असे त्याच्या संस्थापकाने सांगितले होते, आणि या गर्दीमुळे काही ठिकाणी वेग मंदावला असेल हेही त्याने मान्य केले होते. दुसरे अ‍ॅप फोनमध्ये असू द्यावे, परंतु ज्या दिवशी पहिले बंद पडेल त्याच दिवशी ते उतरवून घ्यायला गेलात तर गावातील चार मुलांपलीकडे तेथे कोणीही भेटणार नाही. आणि नेटच गेले तर दोन्ही अ‍ॅप सारखीच.

निपाणीची_शिक्षिका

आपण बालमित्रांविषयी लिहिले आहे ते वाचून वाईट वाटले. मी निपाणी भागातील एका गावात शिकवते आणि आमच्या बचत गटाचे हिशेबही पाहते. अशीच एक चूक आमच्याकडे झाल्यानंतर आम्ही साखळी केली. ती येथे तपशिलाने लिहिते, कारण साखळी करणे सोपे असले तरी ती तुटू न देणे अवघड आहे.

एका व्यक्तीने पाच घरी फोन करायचा, त्या पाचांनी प्रत्येकी पाच घरी, आणि त्या पंचवीसांनी पुन्हा पाच घरी. तीन फेऱ्यांत ५, २५ आणि १२५ मिळून १५५ घरे होतात, म्हणजे आपले सगळे गाव त्यात मावते. साध्या फोनला नेट लागत नाही, आणि माणूस झोपेतून उठून बोलला म्हणजे निरोप पोहोचला हे त्याच क्षणी कळते. पहिल्या वेळी आमची साखळी दुसऱ्याच फेरीत तुटली, कारण एका बाईंचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि त्यांच्याखालची तीस घरे अंधारात राहिली. तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत. फोन उचलला नाही तर त्या व्यक्तीची पाच घरे फोन करणाऱ्याने स्वतःकडे घ्यायची. आणि प्रत्येक फांदीच्या शेवटच्या घराने उलट सर्वांत पहिल्या व्यक्तीला फोन करून निरोप काय मिळाला ते सांगायचे. हा उलटा फोन फार उपयोगाचा ठरतो, कारण तोंडी निरोप चालता चालता बदलतो. आमच्याकडे एकदा ‘बँकेत मंगळवारी’ या निरोपाचे शेवटच्या घरी ‘बँक मंगळवारी बंद’ असे झाले होते.

वेळ आणि तारीख असेल तेव्हा फोनबरोबर एसएमएसही पाठवावा, आणि तो मराठीत पाठवायचा असेल तर एक हिशेब ठाऊक असावा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, तर देवनागरीत केवळ ७०. कन्नडचेही तसेच. त्यापेक्षा लांब संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च चिन्हे मावतात. शिवाय फोन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोडका हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजतो. ‘रक्षाविसर्जन’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण फोन त्याची १२ चिन्हे धरतो. म्हणून आदरार्थी मजकूर, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ वगैरे, एसएमएसमध्ये घालू नये. आपल्या प्रसंगी एवढेच पुरेसे झाले असते:

‘तात्यांची अंत्ययात्रा उद्या सकाळी ८ ऐवजी १० वाजता. पुढे पाच घरी कळवा.’

मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही ६९ चिन्हे होतात. ‘८ ऐवजी’ हे शब्द गाळण्याचा मोह होतो, पण ते गाळू नयेत. नुसते ‘१० वाजता’ वाचले तर आधीचा संदेश खरा की हा, असा प्रश्न पडतो आणि माणूस लवकरची वेळ धरून निघतो.

आणखी दोन बारकावे. बऱ्याच रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, त्यामुळे एकट्या सचिवाने सगळ्या गावाला पाठवण्याचा हट्ट धरू नये, काम दोघातिघांत वाटावे. आणि अनेकांना एकदम पाठवताना काही फोन त्याचा एमएमएस, म्हणजे चित्रांसाठीचा नेट लागणारा संदेश, करून टाकतात, तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस जावा अशी सेटिंग आधीच करून ठेवावी. एसएमएस उघडतो कोण, तिथे तर बँक आणि जाहिराती एवढेच असते, ही तक्रार मला मान्य आहे. म्हणूनच आधी फोन आणि मग एसएमएस.

यादी कागदावर असावी, हे सांगायचे राहिले. फोनमध्ये ठेवलेली यादी ज्या गटात टाकलेली असते तोच गट बंद असतो. आमची यादी शाळेच्या कपाटाला आतून चिकटवलेली आहे आणि तिची एक प्रत पिठाच्या गिरणीत आहे, कारण गिरणीत आठवड्यातून एकदा तरी सगळेच येतात.

वेशीवरचा_शिनोळी

मी पलीकडचा, म्हणजे चंदगड तालुक्यातला. बाजार बेळगावचा, सातबारा महाराष्ट्राचा आणि सोयरीक दोन्हीकडे, अशी आमची स्थिती आहे. शिक्षिकाबाईंनी सांगितलेली साखळी गावाला पुरेल, पण आपल्या प्रसंगात खरी फजिती झाली ती पाहुण्यांची, आणि पाहुणे आपल्या गटात मुळात नसतातच. त्यांना कोणीतरी भाच्याने किंवा जावयाने तुमचा संदेश पुढे ढकललेला असतो. अ‍ॅप त्या रात्री सुरू असते तरी तात्यांच्या मित्रांपर्यंत दुसरी वेळ पोहोचली असती याची खात्री मी देणार नाही. आमच्या भावकीत आम्ही असे ठरवले आहे की, ज्याने बाहेरगावी पहिली वेळ कळवली त्यानेच बदल कळवायचा, आणि तो बोलून कळवायचा. दुःखाच्या घरी एक जण चौकटीपाशी वही घेऊन बसतो आणि कोणी कोणाला कळवले ते लिहितो. आहेराची वही आपण बिनचूक लिहितो, मग ही लिहायला हरकत कसली?

गावापुरते म्हणाल तर देवळातला स्पीकर आहेच. मात्र ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही, आणि एरवीही लेखी परवानगी लागते. आपला निरोप रात्री उशिराचा होता, तेव्हा तो पहाटे ६ ला सांगता आला असता. तेवढ्याने गावातील लोक थांबले असते, पाहुणे मात्र तोपर्यंत वाटेला लागलेलेच असते. आमच्याकडे अजून एक म्हातारबाबा हलगी घेऊन डांगोरा पिटतात. मुले त्यांचे व्हिडिओ काढतात, आणि ते व्हिडिओ बघा कुठे टाकतात!

शहापूरचा_कापडवाला

सर्वांची क्षमा मागून थोडा वेगळा सूर लावतो. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, व्हॉट्सअ‍ॅप दुपारी सुमारे दोन तास बंद होते. त्या संध्याकाळी ग्रहणही होते. कंपनीने आपल्याकडील तांत्रिक चूक म्हणून सांगितले आणि विषय संपला. दिवाळीच्या शुभेच्छा दोन तास उशिरा गेल्याने कोणाचे काही बिघडले नाही. दोन तासांच्या बंदसाठी गावोगाव साखळ्या, वह्या आणि तक्ते मांडणे मला जास्त वाटते. निधन, दवाखाना आणि पूर एवढ्यापुरती ही व्यवस्था ठेवावी. रोजच्या नळाच्या पाण्यासाठी साखळी हलवली तर महिनाभरात कोणी फोन उचलणार नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर यूपीआयचे व्यवहार अडले आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्याही तक्रारी सुरू झाल्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण गल्ल्यात सुट्टे पैसे आणि हाताशी पावतीपुस्तक ही सवय मी तेव्हापासून सोडलेली नाही, आणि ज्या घरात दुःख आहे त्या घरातही थोडी रोकड असावी, कारण सरपण, गाडी आणि फुले यांसाठी त्या सकाळी कोणी फोन पुढे करत बसत नाही.

जुना_केबलवाला

कापडवाल्यांचे म्हणणे अर्धे मान्य. शिक्षिकाबाईंच्या लेखनाला मात्र एक पुरवणी जोडतो. साधा फोन आणि एसएमएस हे अ‍ॅप बंद असताना उपयोगाचे आहेत, टॉवर बंद असताना नाहीत. पावसाळ्यात कणकुंबीच्या पट्ट्यात दोन-दोन दिवस वीज नसते, टॉवरची बॅटरी उतरते आणि मग अ‍ॅप, फोन, एसएमएस सगळेच जाते. त्या वेळी फोनवर पट्ट्याच दिसत नाहीत, म्हणून ओळखायला अडचण नाही. तेव्हा पायी निरोप नेणारी माणसे ठरलेली असावीत. साखळीच्या यादीत फोन क्रमांकाशेजारी ‘चालत जाणारा कोण’ असा एक रकाना वाढवावा.

सचिव_खानापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री देवळात बैठक घेतली. कापडवाल्यांच्या सूचनेनुसार साखळी केवळ निधन, दवाखाना आणि नदीच्या पाण्यासाठी हलवायची असे ठरले. दुसरे अ‍ॅप घेण्याचा विषय मुलांनीच मागे घेतला. यादी कागदावर केली असून एक प्रत देवळात आणि एक दूध संकलनाच्या खोलीत लावली आहे. गावातील सात-आठ घरी कन्नड बोलतात, त्यांची फांदी त्यांच्यातीलच एका बाईंकडे दिली आणि त्यांचा एसएमएस त्या कन्नडमध्येच लिहिणार आहेत.

आज दुपारी न सांगता एक चाचणी घेतली. सव्वातास लागला. १४७ पैकी १३१ घरांपर्यंत निरोप गेला, आणि उलटे फोन आल्यामुळे कोणती १६ राहिली तेही कळले. त्यांतील पाच घरे वरच्या वाडीतील आहेत, जेथे कोणत्याच कंपनीची रेंज नाही. त्यांच्यासाठी ‘चालत जाणारा’ या रकान्यात दूध घालायला खाली येणाऱ्या मुलाचे नाव लिहिले आहे. तो दिवसातून दोनदा येतो, पण रात्री ९ नंतर काय करायचे हे अजून ठरलेले नाही. वरच्या वाडीतील एका आजोबांनी बॅटरीच्या झोताने खूण करण्याचे सुचवले आहे. समोरासमोर उतार असल्याने झोत दिसतो. अमावास्येला पाहून येथे कळवीन.

तात्यांच्या मित्रांकडे परवा जाऊन आलो. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि तो त्या रात्री चालू होता.